जोरात वळताना एक मोटरबोट आत कलते, दुसरी बाहेर कलते, असं का? (पुराच्या बोटीसाठी विचारतोय)

कृष्णाकाठ_चिकोडी
नमस्कार मंडळी, थेट प्रश्नावर येतो. आमच्या तरुण मंडळाकडं पुरात वापरायला एक फायबरची बोट आहे, सोळा फुटी, बुड सपाट, मागच्या फळीला बाहेरनं टांगलेलं २५ एचपीचं आउटबोर्ड इंजिन, ते वळवायला हातानं धरायचा दांडा म्हणजे टिलर. कृष्णा, दूधगंगा चढली की कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज असले सगळे खालचे पूल पाण्याखाली जातात, मळ्यातली घरं तुटतात, आणि मग बोटीशिवाय इलाज नसतो. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षं आमच्या भागानं बघितलीत, यमगर्णीजवळ हायवेसुद्धा बंद पडला होता. म्हणून यंदा पाऊस लागायच्या आधी परवानगी काढून हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला पोरांना बोट चालवायला शिकवायलोय.

तिथं दुसऱ्या एका ग्रुपची बोट होती, खाली फायबरचं व्ही आकाराचं बुड आणि कडेनं हवेच्या रबरी नळ्या. इंजिन आमच्याएवढंच. ती जोरात वळली की आतल्या अंगाला कलते. आमची मात्र बाहेरच्या अंगाला कलते आणि वळायच्या ऐवजी आडवी घसरत जाते. परवा बाहेरची कड पाण्याला टेकली आणि भस्सकन पाणी आत आलं, बसलेले सगळे एका बाजूला गेले, माझ्या पोटात गोळाच आला. इंजिन सारखंच असताना दोन बोटींत एवढा फरक का? आणि आमची बोट उलटू नये म्हणून नेमकं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगा, पूर आल्यावर कळून उपयोग नाही.

निपाणीकर
सपाट बुडाची रुंद बोट उलटत नाही असंच आमच्याकडं सगळे म्हणतात. उभं राहिलं तरी हलत नाही ती. उलट ती व्ही बुडाची बोट थांबलेली असताना नुसता पाय ठेवला तरी डुलते. मग धोका तिला जास्त पाहिजे की ओ? जाणकारांची वाट बघतोय.

कारवारचं_पाणी
मी आता खानापूरला असतो पण नोकरीची बरीच वर्षं कारवारच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनांवरच गेली, त्यामुळं जमेल तसं सांगतो. लांबेल थोडं.

पहिलं हे लक्षात घ्या की बोट हळू जाते तेव्हा ती पाण्यात बसलेली असते, जेवढं वजन तेवढं पाणी बाजूला सारते. स्पीड वाढला की बुडाखालचं पाणी तिला वर उचलायला लागतं आणि बोट पाण्याच्या वरवर पळते, ह्याला प्लेनिंग म्हणतात. थांबलेल्या बोटीचा तोल आणि पळणाऱ्या बोटीचा तोल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निपाणीकर म्हणतात ते थांबलेल्या बोटीचं आहे आणि तेवढ्यापुरतं ते खरं आहे. रुंद सपाट बोट सुरुवातीला कलायला जड जाते, पण एका मर्यादेपर्यंतच, काठ पाण्याला लागला की मग ती एकदम जाते, मधे सावध व्हायला वेळ देत नाही. व्ही बुडाची बोट चटकन कलते पण कललेल्या स्थितीतसुद्धा बराच वेळ धरून राहते. त्यात कडेनं हवेच्या नळ्या असतील तर कललेल्या बाजूची नळी पाण्याला टेकते आणि तिथनं पुढं ती कलूच देत नाही.

आता वळणाचं. आउटबोर्ड बोट सुकाणूनं वळत नाही, इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) जोरानं वळते. तुम्ही टिलर ढकलला की पंखा बोटीचा मागचा भाग वळणाच्या बाहेरच्या दिशेला ढकलतो, नाक आत वळतं, पण बोट लगेच नाकाच्या दिशेनं जात नाही, थोडा वेळ ती तिरकी, आडवी सरकत असते. ह्या आडव्या सरकण्यातच सगळं आहे. व्ही बुड असेल तर बाहेरच्या बाजूची उतरती फळी त्या आडव्या पाण्याला सामोरी जाते, तिच्यावर जास्त जोर येतो, ती बाजू वर उचलली जाते, म्हणजे बोट आत कलते. शिवाय पंखा बोटीच्या बराच खाली आहे आणि तो बाहेर ढकलतोय, त्यानंही वरचा भाग आत झुकायला मदत होते. सपाट बुडाला अशी उतरती फळीच नाही. पाण्याला धरायला काही नाही म्हणून ती घसरते. आणि पाणी तिला जे काही आत ढकलतं ते खालनं ढकलतं, वजन मात्र वर, माणसं फळीवर बसलेली, म्हणून वरचा भाग बाहेर जातो.

नुसतं घसरणं तेवढं वाईट नाही बरं का, घसरते तोवर ती उलटत नाही. घसरता घसरता बाहेरची कड अचानक पाण्यात रुतली तर मात्र खेळ संपला. तळ आणि बाजू जिथं जुळतात ती जी धार असते ना, तिला चाइन म्हणतात, ती रुतली की बोट तिथल्या तिथं अडते आणि वरचं सगळं वजन पुढं जात राहतं. दुसऱ्या बोटीची लाट, उथळ जागा, किंवा चालवणाऱ्यानं घाबरून एकदम थ्रॉटल सोडणं, एवढ्यावरनं हे होतं. तुमच्या बोटीत पाणी आलं ते ह्याच्या एक पायरी अलीकडचं होतं असं मला वाटतं.

निपाणीकर
आता उजेड पडला. म्हणजे उसानं भरलेली ट्रॉली वळणावर जशी बाहेर पडते तसंच की हे, वजन वर आणि चाक अडलं की गेली.

गोकाकची_लेक
निपाणीकर दादा, बरोबर पकडलंत, त्यात मी थोडे आकडे घालते. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते आणि हे उदाहरण वर्गात बऱ्याचदा घेते. वळताना बाहेर जो ढकला बसतो तो वेगाच्या वर्गानं वाढतो. समजा वळणाची त्रिज्या १५ मीटर आहे. ताशी २० किमीनं वळलात तर ७० किलोच्या माणसाला बाहेरच्या बाजूला साधारण १५ किलोच्या जोराचा ढकला बसतो, हातानं धरलेलं असेल तर काहीच वाटत नाही. तेच वळण ताशी ४० किमीनं घेतलं तर ढकला ५९ किलोच्या आसपास जातो, जवळजवळ त्या माणसाच्या वजनाएवढा. वेग दुप्पट, ढकला चौपट. बोटीच्या काठावर बसलेला माणूस तिथं टिकूच शकत नाही. आणि तेच ४० किमीनं पण वळण मोठं करून ३० मीटर त्रिज्येचं घेतलं तर ढकला निम्म्यावर येतो.

म्हणून मुलांना शिकवताना "जोरात वळू नका" एवढं सांगून भागत नाही. वेग आधी कमी करायचा की वळण मोठं घ्यायचं, ह्यातलं काय हातात आहे ते बघायला शिकवायचं. मोकळ्या धरणात वळण मोठं घेता येतं. पुरात झाडं, खांब, घरांच्या गल्ल्या, तिथं वळण लहानच मिळणार, म्हणजे वेगच कमी पाहिजे, दुसरा मार्ग नाही.

माणसं कुठं बसतात ह्याचाही हिशोब मांडून बघा. रिकामी बोट आणि इंजिन मिळून समजा अडीचशे किलो. आठ माणसं म्हणजे पाचशे किलोच्या वर. म्हणजे बोटीतलं दोन तृतीयांश वजन माणसांचं आहे आणि ते वजन कुठं ठेवायचं हे आपल्या हातात आहे. सगळी तळाला बसली तर सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य खाली येतो. दोघंतिघं उभे राहिले तर तो लगेच वर चढतो. बोट तीच, इंजिन तेच, पण तोल पूर्ण वेगळा.

कृष्णाकाठ_चिकोडी
ताई, अण्णा, दोघांचे लई आभार. हे वाचून दाखवलं पोरांना. अजून दोन शंका आहेत. वळताना इंजिन एकदम बोंबलतं, आवाज चढतो आणि बोट पुढं जायचं थांबते, मग परत धक्का बसून पळते, त्या धक्क्यानं एकजण पडला. ते काय आहे? दुसरं म्हणजे इंजिन तिरकं करायची ती पिन, ती कुठल्या भोकात ठेवायची? घेताना दुकानदारानं मधल्या भोकात घालून दिली ती तशीच आहे.

कारवारचं_पाणी
दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे. आवाज चढतो तेव्हा पंख्याला वरची हवा लागलेली असते. बोट कलली, घसरली की पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतो आणि हवा ओढतो, मग धरायला पाणीच नाही म्हणून रिकामा फिरतो. ह्याला व्हेंटिलेशन म्हणतात. बरेच जण ह्याला कॅव्हिटेशन म्हणतात पण ते वेगळं, त्यात दाब कमी होऊन पंख्यापाशी पाण्याचीच वाफ होते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिचं काम ही वरची हवा अडवायचं. ती पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेच्या आसपास पाहिजे. इंजिन मागच्या फळीवर फार वर बसवलं असेल तर वळताना हवा लागणारच, ते आधी मोजून बघा.

आवाज चढला की थ्रॉटल थोडा कमी करा आणि टिलर थोडा सरळ करा, पंखा परत पाणी धरेल, मग हळू वाढवा. थ्रॉटल तसाच फुल ठेवला तर पंखा पाणी धरतो ते एकदम धरतो, तुमच्या माणसाला जो धक्का बसला तो हाच. पण कमी करा म्हणजे एकदम शून्य करू नका. आउटबोर्डमध्ये जोर नाही तर वळण पण नाही, पंखा फिरायचा थांबला की टिलर कुठंही फिरवा, बोट जायची तिकडंच जाते. शिवाय बोट अचानक बसली की तिची स्वतःची मागची लाट येऊन मागच्या फळीवरनं आत पडते.

आता पिन. इंजिनाचा पाय, म्हणजे पंखा असलेला पाण्यातला खालचा भाग, बोटीकडं जास्त आत असेल तर नाक खाली दबतं, बाहेर असेल तर नाक वर उचलतं. वळताना पाय थोडा आत असलेला बरा, पंखा खोल राहतो, हवा लागत नाही. पण अगदी शेवटच्या भोकात घालून पूर्ण आत घेऊ नका. नाक फार दबलं की वळताना तेच पाण्यात रुतून बसतं आणि मागचा भाग गर्रकन फिरतो, बोट काही समजायच्या आत उलट्या दिशेला तोंड करून उभी राहते आणि माणसं बाहेर. पुढं जास्त वजन बसवलं तरी हेच होतं, म्हणून नाकावर कुणाला बसवायचं नाही, दोरी फेकायला सुद्धा नाही. आणि पाय फार बाहेर असेल तर सरळ जातानाच नाक वरखाली आपटत राहतं. तुमच्या पिनला मधलं किंवा त्याच्या आतलं एक भोक योग्य, भरलेल्या बोटीवर दोन्ही करून बघा आणि जिथं आपटत नाही, हवा ओढत नाही तिथं ठेवा.

सौंदत्तीकर
चांगला धागा. नविलतीर्थ धरणाच्या पाण्यावर बोट बघत मोठा झालो त्यामुळं आवड आहे. कुणी दोरीबद्दल लिहिलं नाही अजून. इंजिन बंद करायची ती लाल दोरी, किल कॉर्ड, एक टोक इंजिनाला, दुसरं चालवणाऱ्याच्या अंगाला, तो पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडतं. आपल्याकडं नव्वद टक्के ठिकाणी ती इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते, नाहीतर दोरीच्या जागी वायर नाहीतर चमच्याचा तुकडा घालून ठेवतात म्हणजे इंजिन चालू राहतं. हे बघून मला खरोखर राग येतो.

कारवारचं_पाणी
सौंदत्तीकर, बरं झालं काढलंत, मी येणारच होतो तिकडं. वळणाशी ह्या दोरीचा थेट संबंध आहे. चालवणारा पडला आणि इंजिन चालू राहिलं तर बोट सरळ लांब निघून जात नाही. टिलर सुटला की पंख्याच्या फिरण्यानं इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरत परत त्याच जागी येते, जिथं माणूस पडलाय तिथंच. पंखा चालू असतो.

इंग्लंडमध्ये पॅडस्टो नावाच्या गावाजवळ मे २०१३ मध्ये नेमकं हे झालं. आठ मीटरची फायबर-रबरी बोट, ३०० एचपीचं इंजिन, घरातली सहा माणसं. वेगात घट्ट वळण घेताना बोट गर्रकन फिरली, सगळेच्या सगळे पाण्यात फेकले गेले, दोरी लावलेली नव्हती, बोट फिरून परत त्यांच्यावर आली. बाप आणि मुलगी गेली, बाकीचे जखमी झाले. तिथल्या सरकारी चौकशीत दोरीचाच मुद्दा मुख्य होता. लक्षात घ्या, ती व्ही बुडाची, आत कलणारी, चांगली बोट होती. बोट चांगली आहे म्हणून वळण सुरक्षित होत नाही. अमेरिकेनं १ एप्रिल २०२१ पासनं २६ फुटांपेक्षा लहान बोटींना ही दोरी वापरणं कायद्यानंच सक्तीचं केलं.

दोरी मनगटाला लावली तरी चालते पण मांडीला गुडघ्याच्या वर गुंडाळलेली मला बरी वाटते, टिलरच्या हातात अडकत नाही. रोज निघायच्या आधी ओढून बघायची, इंजिन बंद झालंच पाहिजे. आणि एक जादा दोरी बोटीत ठेवायची. चालवणारा दोरीसकट पडला तर उरलेल्यांनी इंजिन चालू कसं करायचं त्याला उचलायला? ह्याचा विचार कुणी करत नाही.

मलप्रभा_पुत्र
१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत नीलकमल नावाच्या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. इंजिनची ट्रायल चालू होती आणि ताबा सुटला असं नौदलानंच त्या वेळी सांगितलं होतं. तिथं मी एकच बघितलं, वेगात असलेल्या बोटीला सावरायला जागाच उरत नाही, ब्रेक नावाचा प्रकार पाण्यावर नाहीच.

कृष्णाकाठ_चिकोडी
पॅडस्टोचं वाचून अंगावर काटा आला. दोरी उद्यापासनं कंपल्सरी.

आता एक मतभेद आहे तो सोडवा. आमच्यातला एकजण म्हणतो वळताना सगळ्यांनी आतल्या बाजूला झुकायचं, म्हणजे बोट बाहेर कलणार नाही. दुसरा म्हणतो कुणी जागचं हलायचंच नाही. कुणाचं बरोबर?

गोकाकची_लेक
तत्त्व म्हणून पहिल्याचं चुकीचं नाही, वजन आत गेलं तर सपाट बोटीचं बाहेर कलणं कमी होतं. पण पुरात बसलेली माणसं तुमच्या मंडळातली पोरं नाहीत, म्हातारी आहेत, बायका लेकरं घेऊन बसल्यात, कडेला शेळी बांधलीय. त्यांना चालत्या बोटीत झुका म्हटलं तर अर्धे उठतील, अर्धे उशिरा झुकतील, आणि वळण संपल्यावर सगळे चुकीच्या बाजूला असतील. त्यामुळं दुसऱ्याचंच ऐका. बसवतानाच वजन दोन्ही बाजूला सारखं, तळाला, हाताला धरायला काहीतरी, आणि वळायच्या आधी चालवणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं की वळतोय. तेवढं पुरे.

बोटीतलं पाणी काढत राहणं मात्र विसरू नका, ते लोकांना क्षुल्लक वाटतं. दहा फूट लांब, चार फूट रुंद तळावर दोन इंच पावसाचं पाणी साठलं तर ते जवळपास १९० लिटर, म्हणजे १९० किलो. आणि ते तीन माणसांसारखं एका जागी बसून राहत नाही. बोट जरा कलली की सगळं खालच्या बाजूला पळतं आणि तिला आणखी कलवतं. सपाट रुंद बुडात हे सगळ्यात वाईट, कारण पाण्याला पळायला सगळी रुंदी मोकळी असते. भर पावसात एकाच्या हातात सतत डबा पाहिजे.

यडूरचा_नातू
आमचे आजोबा काईल घेऊन पुरातनं माणसं काढायचे, गुऱ्हाळातली ती गूळ करायची मोठी काईल. त्यांचा नियम होता की काईलीत कुणी उभं राहायचं नाही आणि बोलायचं सुद्धा नाही. आता मोटरबोट आली पण माणसं तशीच भरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूसकडं ब्रह्मनाळला बोट उलटून किती माणसं गेली आठवतंय ना. तिथं काय जोरात वळण नव्हतं, क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. म्हणून माझं म्हणणं, आधी माणसं मोजा, वळण नंतर शिका.

कारवारचं_पाणी
नातू, एकदम मान्य. आणि हे दोन विषय वेगळे नाहीत. जास्त भरलेली बोट प्लेनिंगला येतच नाही, नाक वर आणि मागचा भाग खाली दबलेला अशी ढकलत ढकलत जाते, चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही, काठ पाण्यापासनं वीतभर वर राहतो. अशा बोटीला उलटायला जोरात वळण लागतच नाही, दुसऱ्या बोटीची लाट पुरते.

निपाणीकर
पुराच्या धारेत वळण घ्यायचं कसं ते पण सांगा अण्णा. धरणाचं पाणी शांत, कृष्णेचं तसं नाही.

कारवारचं_पाणी
हे महत्त्वाचं आहे, नीट वाचा. बोटीच्या बुडाला काठ माहीत नसतो, तिला फक्त आजूबाजूचं पाणी माहीत असतं. पण तुम्हाला आदळायचंय ते काठावरच्या झाडाला नाहीतर पुलाला. समजा धारेचा वेग ताशी १० किमी आहे आणि वळायला ८ सेकंद लागतात, तर वळून होईपर्यंत सगळी बोट धारेबरोबर बावीस मीटर खाली वाहून गेलेली असते. म्हणून पुलाच्या, तारेच्या, झाडाच्या वरच्या अंगाला वळण घ्यायचंच नाही शक्यतो. घ्यावंच लागलं तर लई आधी घ्यायचं.

दुसरं, मुख्य धार आणि काठाजवळचं थांबलेलं पाणी ह्यांच्या मधे एक रेष दिसते, तिथं पाणी गोल फिरतं, फेस असतो. ती रेष ओलांडताना नाक एका पाण्यात आणि मागचा भाग दुसऱ्या पाण्यात असतो, दोन्ही पाणी बोटीला वेगळीकडं ओढतात. त्याच क्षणी तुम्ही टिलर पूर्ण ढकललेला असेल तर सपाट बोट आडवी होऊन धारेच्या वरच्या बाजूला लोळते, कारण धार बोटीची वरच्या अंगाची कड खाली दाबते. ती रेष मध्यम जोर ठेवून, बऱ्यापैकी सरळ ओलांडा आणि मग वळा. काठाला लावायची तर नेहमी धारेकडं तोंड करून, खालनं वर येत लावा, म्हणजे जोर कमी केला तरी बोट जाग्यावर उभी राहते.

आणि वस्तीत शिरल्यावर स्पीड नकोच. तुमच्या बोटीची लाट भिजलेल्या मातीच्या भिंतीवर आपटली तर भिंत बसते, आत माणूस असेल तर? शेजारनं कुणी काईलीतनं येत असेल तर तो तुमच्या लाटेनं पाण्यात जाईल.

सौंदत्तीकर
हिडकलला प्रॅक्टिस करताय तर अजून एक सांगतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथं हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर वर येतं हे माहीतच असेल. म्हणजे बॅकवॉटरच्या खाली जुनी गावं, बांध, झाडांची खोडं सगळं आहे. पाणी कमी असताना कडेकडेनं जोरात वळू नका. वळताना बोट आडवी सरकत असते हे वर आलंच आहे, त्या वेळी इंजिनाचा पाय खोडाला लागला तर सरळ जाताना लागण्यापेक्षा वाईट, बोट तिथंच अडून फिरते. आधी हळू जाऊन काठीनं खोली बघा, चार डबे बांधून जागा आखून घ्या आणि त्याच्या आतच शिकवा.

मलप्रभा_पुत्र
मग पुरासाठी व्ही बुडाचीच बोट घ्यावी का सगळ्या गावांनी?

कारवारचं_पाणी
माझं प्रामाणिक मत, नाही. खोल व्ही बुड हे समुद्राच्या लाटेसाठी निघालं. अमेरिकेत रे हंट नावाच्या डिझायनरनं १९५० च्या दशकात ते पुढं आणलं, १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत तसल्या बुडाची बोट खवळलेल्या समुद्रात पहिली आली आणि मग सगळीकडं पसरलं. त्याला पाणी खोल लागतं, इंजिन मोठं लागतं. आपल्या पुरात अर्ध्या ठिकाणी खाली उसाचं रान असतं, कमरेएवढं पाणी. तिथं सपाट बोट जिथं जाते तिथं व्ही बुड अडकेल. पैसे असतील तर कमी व्हीची, नळ्यांची रबरी बोट सगळ्यात चांगली, बचाव पथकं तसल्याच वापरतात. पण सपाट बोट असेल तर ती फेकून देऊ नका, तिच्याकडनं वेगाच्या वळणाची अपेक्षा ठेवू नका एवढंच. सरळ जाताना पळवा, वळायच्या आधी उतरवा, वळण झालं की परत वाढवा. ह्या क्रमाची सवय हाताला लागली पाहिजे, डोक्याला नाही, कारण पुरात डोकं जाग्यावर नसतं.

कृष्णाकाठ_चिकोडी
सगळं लिहून काढून बोटीच्या शेडमध्ये लावतोय. शेवटची शंका. आतापर्यंत प्रॅक्टिस तिघाचौघांवरच झाली. भरलेल्या बोटीची प्रॅक्टिस कशी करायची? पोरं म्हणाली वाळूची पोती भरू. जिवंत माणसं भरून शिकायला मन धजत नाही.

गोकाकची_लेक
माणसं भरून शिकू नका हे बरोबरच, पण वाळूची पोती पण नकोत. पोतं कललं की सरकतं, आणि बोटीत पाणी भरलं तर वाळू तिला तळाला नेते. त्यापेक्षा वीस लिटरचे पाण्याचे जार काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून घ्या. एक जार साधारण वीस किलो, म्हणजे तीनसाडेतीन जार म्हणजे एक माणूस. तळाला दोरीनं पक्के बांधा. बोटीत ते पूर्ण वजन देतात, पण चुकून बोट बुडालीच तर पाण्यातल्या पाण्याला वजन उरत नाही, ते बोटीला खाली ओढत नाहीत. आधी दोन माणसांएवढे जार, मग चार, मग सहा, आणि प्रत्येक वेळी तेच वळण त्याच वेगात घेऊन काठ पाण्यापासनं किती वर राहतो ते दुसऱ्या बोटीतनं बघा. ज्या वजनाला काठ वीतभरावर आला, त्याच्या अलीकडचा आकडा बोटीवर रंगानं लिहून टाका.

कृष्णाकाठ_चिकोडी
हे डोक्यात आलंच नव्हतं ताई. जार गावातल्या पाण्याच्या प्लँटवरनं मिळतील. रविवारी करतो आणि भरलेल्या बोटीचं काय झालं ते हितंच लिहितो. दुसरी बोट, जॅकेट, दोरी सगळं घेऊनच उतरणार.

कारवारचं_पाणी
करा, आणि पिन कुठल्या भोकात बरी वाटली तेही लिहा, भरल्यावर ती बदलावी लागेल असं मला वाटतंय.